पोर्शे 986 बॉक्स्टर : आयएमएस बेअरिंग आणि क्लच घरच्या पडवीत बदलणे

मांडवीकाठ (धागाकर्ता)

माझ्याकडे 2004 सालची, 2.7 लिटर इंजिनाची आणि पाच गिअरची 986 बॉक्स्टर आहे. गाडी पर्वरीला घराच्या पडवीत उभी असते आणि पावसाळ्यात तिचा वापर जवळजवळ बंद असतो. चोर्ला घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिनाचे आवर्तन वाढत असे, पण गाडी पुढे सरकत नसे. शिवाय क्लचचे पेडल दिवसेंदिवस जड होत चालले होते. या गाडीत पेडल जड होणे हे क्लच झिजल्याचे ठरलेले लक्षण आहे, कारण प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेटच्या डायफ्रॅमचा कोन बदलतो आणि तो दाबायला अधिक जोर लागतो. गिअरबॉक्स खाली उतरवायचाच आहे तर इंटरमिजिएट शाफ्टचे बेअरिंग, म्हणजेच सर्वत्र बदनाम झालेले आयएमएस बेअरिंग, त्याच वेळी बदलावे असे ठरवले. काम आता पूर्ण झाले आहे. गोव्यात असे काम करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असल्यामुळे तपशील इथे लिहून ठेवतो.

ज्यांना या इंजिनाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एम96 हे सहा सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे, आडवे झोपलेले इंजिन आहे. त्यात क्रँकशाफ्टच्या खाली एक मधला शाफ्ट असतो, तो क्रँकवरून साखळीने फिरतो आणि पुढे दोन्ही बाजूंच्या कॅमशाफ्टना साखळ्यांनी फिरवतो. या मधल्या शाफ्टचे एक टोक तेलाच्या पंपाकडे साध्या बुशमध्ये फिरते. दुसरे टोक, फ्लायव्हीलच्या बाजूचे, एका बंद बॉल बेअरिंगवर टेकलेले असते. गोम या बंद असण्यातच आहे. बेअरिंगमधले ग्रीस कालांतराने धुऊन जाते, सीलच्या फटीतून इंजिनाचे तेल आत शिरते आणि तेच जुने तेल तिथे साचून राहते. बेअरिंग कोसळले की शाफ्ट डळमळतो, साखळ्यांची वेळ चुकते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन भंगारात जाते.

पाना हातात घेण्यापूर्वी एक तपासणी केलीच पाहिजे आणि माझ्या मते या संपूर्ण कामात तिच्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही. ऑइल फिल्टर काढून त्याच्या कागदाच्या घड्या कात्रीने कापून उघडाव्यात आणि उन्हात पांढऱ्या कपड्यावर पसरून पाहाव्यात. काळ्या किंवा तपकिरी प्लास्टिकचे बारीक तुकडे दिसले तर ते बहुधा साखळीच्या गाइडचे असतात आणि थोड्या प्रमाणात ते चालून जातात. चमकणारे कण दिसले तर त्यांवर लोहचुंबक फिरवावा. ॲल्युमिनियम चिकटत नाही, बेअरिंगचे पोलाद चिकटते. तेलाचा संप, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेली तेलाची कढई, तीही उतरवून तळ बोटाने पुसून पाहावा. पोलादाचे कण सापडले तर नवे बेअरिंग बसवण्यात काहीही अर्थ नाही. तो कचरा तेलाच्या वाटांमध्ये फिरलेला असतो, क्रँकच्या बेअरिंगांपर्यंत पोहोचलेला असतो आणि अशा वेळी इंजिन पूर्ण उघडून साफ करणे हाच मार्ग उरतो. माझ्या फिल्टरमध्ये प्लास्टिकचे दोन-तीन कण निघाले, पोलाद अजिबात नव्हते, म्हणून पुढे गेलो.

गाडी उचलण्याबद्दल विशेष काळजी घ्यावी. आमच्याकडे अंगणात तांबडी माती असते किंवा त्यावर फरसबंदी केलेली असते. पावसाने भिजलेल्या मातीत स्टँडचा पाय नकळत रुततो आणि फरशी एका बाजूने दबते. पडवीत काँक्रीटचा कोबा असेल तरच चारही स्टँडवर गाडी ठेवावी, आणि गाडीखाली शिरण्यापूर्वी ती दोन्ही हातांनी जोराने हलवून पाहावी. गिअरबॉक्स उतरल्यावर इंजिनाच्या मागच्या टोकाला आधार उरत नाही. तिथे दुसरा जॅक लावताना संपवर थेट न टेकवता फणसाची जाड फळी मध्ये घालावी, कारण संप ॲल्युमिनियमचा आहे.

उतरवण्याचे काम लांबलचक असले तरी अवघड नाही. बॅटरी सोडायची, सायलेन्सर, खालचा आडवा पत्रा आणि आधारपट्ट्या काढायच्या, दोन्ही ड्राइव्हशाफ्ट गिअरबॉक्सपासून सुटे करून तारेने वर बांधायचे, गिअरच्या केबल आणि स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या तेलदाबाने क्लच सोडवणारा) बाजूला करायचे. स्लेव्ह सिलिंडर सुटा असताना घरातल्या कोणीही क्लचचे पेडल दाबू नये. आमच्याकडे स्टिअरिंगला चिठ्ठी बांधून ठेवली होती. गिअरबॉक्स काढताना तो सरळ मागे यायला हवा. तो तिरका लोंबकळू दिला तर त्याचा सगळा भार इनपुट शाफ्टवर आणि क्लच प्लेटच्या मध्यावर येतो.

आता मुख्य भाग. आयएमएसचे झाकण सोडण्यापूर्वी क्रँक पहिल्या सिलिंडरच्या वरच्या मृतबिंदूवर (पिस्टन सर्वात वर असतो त्या जागी) आणून पुलीच्या भोकातून पिन घालून अडकवावा लागतो. बॉक्स्टरमध्ये पुली प्रवाशांच्या पाठीमागे असते, त्यामुळे सीटच्या मागचा गालिचा आणि पत्रा काढून तिथे हात घालावा लागतो. त्यानंतर कॅमशाफ्ट अडकवायचे आणि मगच साखळ्या ताणून धरणारे टेन्शनर सैल करायचे. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो, म्हणून पुलीवरची खूण जुळली तरी कॅम अर्ध्या फेऱ्याने उलटे असू शकतात. अडकवण्याचे साधन सहज बसले नाही तर जोर न करता क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवावा. जुन्या 986 मध्ये पाच साखळ्या आहेत, 2003 च्या मॉडेलपासून तीन आहेत आणि दोन्हींची साधने व रीत वेगळी आहे. सामान मागवण्यापूर्वी आपली गाडी कोणती याची खात्री करून घ्यावी.

झाकण निघाले की मध्ये बोल्ट आणि त्याभोवती बेअरिंगचे तोंड दिसते. माझ्या बेअरिंगच्या सीलला बोट लावले तर आतून काळे, पातळ आणि जळकट वासाचे तेल आले. ग्रीसचा मागमूस नव्हता. गोळ्या मात्र फिरवताना गुळगुळीत लागत होत्या. पुलरने ते बाहेर काढून सिरॅमिक गोळ्यांचे, एका बाजूने उघडे असलेले बेअरिंग बसवले, म्हणजे त्याला इंजिनाच्या तेलाचे शिंतोडे सतत मिळत राहतात. झाकणाचे बोल्ट फक्त 10 न्यूटन मीटरला आवळायचे असतात.

फोटो उद्या टाकतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारावेत.

लेथवाला_म्हापसा

उत्तम आणि सविस्तर लेखन. माझा लेथचा व्यवसाय आहे, त्यामुळे एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. या बेअरिंगची बाहेरची मापे आमच्या नेहमीच्या 6204 शी जुळतात, म्हणजे आतले भोक 20 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 47 आणि रुंदी 14. ते बेअरिंग म्हापशाच्या कोणत्याही दुकानात काही शे रुपयांत मिळते, पाण्याच्या पंपापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळीकडे लागते. मग परदेशातून कितीतरी पट किमतीचे मागवण्याची आणि वर कस्टमची वाट पाहत बसण्याची गरज काय होती?

मांडवीकाठ

प्रश्न अगदी रास्त आहे आणि मलाही तो पडला होता. गोळ्यांची एकच ओळ असलेल्या मूळ बेअरिंगमध्ये (माझ्या गाडीत तेच होते) बाहेरच्या कड्याला खाच असते आणि त्या खाचेत बसणारी तार बेअरिंगला शाफ्टच्या आत धरून ठेवते. दुकानातल्या साध्या 6204 ला ती खाच नसते, त्यामुळे ते आपल्या जागेवरून पुढे सरकण्याची शक्यता राहते. तुम्ही लेथवर खाच पाडून द्याल याबद्दल शंका नाही, पण कडक पोलादाच्या त्या पातळ कड्यावर पाडलेल्या खाचेपासून तडा जाणार नाही याची हमी मी तरी स्वतःला देऊ शकलो नाही. दुसरे म्हणजे, पिठाच्या गिरणीतले बेअरिंग गेले तर गिरणी दोन दिवस बंद राहते. इथे पूर्ण इंजिन जाते.

लेथवाला_म्हापसा

मान्य. कडक कड्यावर खाच पाडायची तर ती ग्राइंडरनेच पाडावी लागेल आणि तिथे उष्णतेने पोलाद मऊ पडण्याचा धोका आहेच. माझा आक्षेप मागे घेतो. मात्र पुलर मी बनवून देऊ शकतो. तो आयात करण्याची कोणालाही गरज नाही.

डिचोली_डिझेल

मला हा सगळा प्रकार थोडा अतिरंजित वाटतो. ज्यांना सुटे भाग विकायचे आहेत तेच ही भीती पसरवतात असे माझे निरीक्षण आहे. माझ्या परिचयातील एका गृहस्थांची 996, म्हणजे त्याच काळातली पोर्शे 911, मूळ बेअरिंगवर आजही बंगळूरपर्यंत जाऊन येते. चालत्या इंजिनाला हात लावू नये हा आमच्या खाणीच्या ट्रकांवरचा पहिला धडा आहे.

मांडवीकाठ

धडा खरा आहे, आणि विक्रेत्यांबद्दलचा तुमचा संशयही पूर्ण चुकीचा नाही. अमेरिकेत या बेअरिंगवरून ग्राहकांनी सामुदायिक दावा लावला होता आणि 2013 मध्ये त्यात तडजोड झाली. त्या दाव्याच्या निमित्ताने जे आकडे पुढे आले आणि आजही सर्वत्र सांगितले जातात, त्यांनुसार एका ओळीचे बेअरिंग निकामी होण्याचे प्रमाण सुमारे 8 टक्के आणि त्याआधीच्या दोन ओळींच्या बेअरिंगचे 1 टक्क्याहून कमी होते. म्हणजे शंभरातल्या नव्वदांहून अधिक गाड्या सुखरूप राहिल्या. केवळ या बेअरिंगसाठी गिअरबॉक्स उतरवावा असे मी कोणालाही सांगणार नाही. परंतु क्लचसाठी तो उतरलेलाच असेल तर बेअरिंग हातभर अंतरावर असते आणि पुढची संधी पुन्हा क्लच झिजल्यावरच येते.

तुमच्या परिचितांची गाडी बंगळूरपर्यंत जाते हेच कदाचित तिच्या प्रकृतीचे कारण असावे. नियमित आणि लांब चालणाऱ्या गाडीत तेल तापते, त्यातला ओलावा उडून जातो. माझ्यासारख्यांची गाडी जूनपासून चतुर्थीपर्यंत झाकून ठेवलेली असते आणि तोपर्यंत ते जुने तेल त्या बंद बेअरिंगमध्ये तसेच बसलेले असते. त्यामुळे मीटरवर किलोमीटर कमी आहेत म्हणून गाडी चांगली, हा सेकंडहँड बाजारातला हिशेब या इंजिनाला लावू नये.

सत्तरीचा_पाहुणा

माझ्या मेहुण्यांकडे 2007 ची 997 कॅरेरा (996 नंतरची 911) आहे. त्यांना हाच उपाय करता येईल का? ते मुळीच यांत्रिक वृत्तीचे नाहीत, परंतु हा धागा वाचून फार अस्वस्थ झाले आहेत.

मांडवीकाठ

त्यांना सांगा, निश्चिंत राहावे. 2006 ते 2008 च्या गाड्यांत बेअरिंग आकाराने मोठे आहे आणि त्याबद्दलच्या तक्रारी बऱ्याच कमी आहेत. ते इंजिनाचे मुख्य केसिंग दुभागल्याशिवाय बाहेर निघतच नाही, त्यामुळे बदलण्याचा प्रश्न उद्भवत नाही. कधी क्लचचे काम निघालेच तर बेअरिंगचे बाहेरचे सील अलगद उचकटून काढावे, म्हणजे तेल आत पोहोचते. 2005 च्या गाड्यांत दोन्ही प्रकार आढळतात. झाकणाच्या मध्यावरचा नट 22 मिलिमीटरचा असेल तर मोठे बेअरिंग आणि 13 चा असेल तर आधीचे. 2009 पासूनच्या इंजिनांमध्ये हा मधला शाफ्टच ठेवलेला नाही. तसेच 996 आणि 997 च्या टर्बो व जीटी3 गाड्यांचे इंजिन वेगळ्या कुळातले आहे, त्यांना ही बाधा नाही.

निवृत्त_यंत्रशाळा

मी अनेक वर्षे यंत्रशाळेत शिकवले, त्यामुळे काही गोष्टींवर बोट ठेवतो. कृपया राग मानू नये. काही जण इंजिनाच्या अंगाला असलेल्या भोकांतून ग्रब स्क्रू घालून मधला शाफ्ट दाबून धरतात आणि कॅमशाफ्ट अडकवण्याचे टाळतात. हे स्क्रू शाफ्टला मध्यावर ठेवायला मदत करतात, पण साखळीने दात ओलांडला तर ते काहीही अडवू शकत नाहीत. तुम्ही कॅम अडकवले हे योग्यच केले. ते पर्यायी नाही हे नवख्यांसाठी ठळकपणे लिहायला हवे होते.

दुसरे, तुम्ही फ्लायव्हील आणि क्रँकच्या मागच्या सीलबद्दल काहीच लिहिलेले नाही. लेखाच्या शीर्षकात क्लच आहे, लेखात मात्र तो जवळजवळ नाहीच.

मांडवीकाठ

सर, राग कसला, उलट आभार. क्लचबद्दल आता लिहितो.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे सैल करावेत, नाहीतर प्लेट वाकते. माझी जुनी क्लच प्लेट फ्लायव्हीलला हलकीशी चिकटलेली निघाली आणि फ्लायव्हीलवर प्लेटच्या आकाराचे गंजाचे कडे उमटले होते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे आपल्या हवेत घडतेच, आणि मग चतुर्थीच्या सुमारास पहिल्यांदा गाडी काढताना पहिला गिअर पडताना खर्र असा आवाज येतो तो यामुळेच. आता मी पावसात आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करून क्लच पाच-सहा वेळा दाबतो आणि जमल्यास गाडी गेटपर्यंत पुढे-मागे घेतो.

या गाडीचे फ्लायव्हील दोन भागांचे असते आणि दोन भागांमध्ये स्प्रिंगा असतात. हाताने पिळून सोडले तर ते स्प्रिंगेच्या जोराने परत यायला हवे. मोकळे फिरले, आडवे डुलले किंवा कडेने ग्रीस गळालेले दिसले तर नवेच घ्यावे. लेथवर घासून त्याचे तोंड सरळ करण्याचा मोह टाळावा. माझे ठीक होते, म्हणून गंज बारीक पॉलिश कागदाने काढून ब्रेक क्लीनरने पुसले. फ्लायव्हीलचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. नवे बोल्ट आधी 25 न्यूटन मीटर आणि नंतर 90 अंश असे आवळले. प्रेशर प्लेटचे 23 न्यूटन मीटर.

क्रँकचे मागचे सील बदललेच. नवे सील पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) असते आणि ते कोरडेच बसवायचे असते. आपल्याकडे कोणत्याही सीलच्या ओठाला तेलाचे बोट लावण्याची सवय असते, ती इथे आवरावी लागते. रिलीज बेअरिंग, त्याची फोर्क आणि गाइड नळी हीसुद्धा नवी घातली.

लेथवाला_म्हापसा

नवे बेअरिंग बसवताना फ्रीजरमध्ये ठेवले होते का? आमच्याकडे घट्ट बसणारे बुश असेच बसवतात.

मांडवीकाठ

होय, रात्रभर ठेवले होते. मात्र गोव्याच्या हवेत त्यात एक अडचण आहे. फ्रीजरमधून काढलेल्या पोलादावर बघता बघता दव धरते आणि ते पाणी थेट गोळ्यांच्या मध्ये उतरते. म्हणून बेअरिंगवर आधीच इंजिनाचे तेल सोडून, हवा काढलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ते फ्रीजरमध्ये ठेवले, बसवण्याची सगळी साधने हाताशी मांडली आणि अगदी शेवटच्या क्षणी पिशवी फाडली. पहाटेची वेळ निवडू नका. दव सर्वात जास्त तेव्हाच. कोरड्या दुपारी, शक्यतो डिसेंबर-जानेवारीत हे काम करावे.

तिसवाडी

ब्रेक ऑइलचे काय? या गाडीत क्लचचे तेल वेगळे नसते असे ऐकले आहे.

मांडवीकाठ

बरोबर, ब्रेक आणि क्लच एकाच टाकीतून तेल घेतात. डॉट 4 तेल हवेतले पाणी शोषते आणि आपल्या किनाऱ्यावर ते लवकर खराब होते. स्लेव्ह सिलिंडरच्या नळीतून माझे जुने तेल चहासारखे तपकिरी निघाले. टाकी स्वच्छ तेलाने भरून, पेडल दाबत क्लच आणि चारही चाकांकडची हवा काढली. पेडल इतके हलके झाले की मुलीने चालवून पाहिल्यावर काहीतरी जोडायचे राहिले की काय असे विचारले.

पहिल्यांदा सुरू करण्याआधीची एक पायरी लिहायची राहिली. टेन्शनर पुन्हा बसवून (80 न्यूटन मीटर) सगळ्या पिना आणि अडकवण्या काढल्यावर क्रँक हाताने, पान्याने, दोन पूर्ण फेरे फिरवावा आणि पुलीची खूण व कॅमची स्थिती पुन्हा जुळते का ते पाहावे. पाना कुठेही अडला तर थांबावे. इंजिन सुरू करून पाहू असे म्हणू नये.

निवृत्त_यंत्रशाळा

पाना नेहमी इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरवावा, हेही जोडतो. उलट फिरवल्यास साखळीचा ढिलेपणा चुकीच्या बाजूला जातो.

डिचोली_डिझेल

नवे तेल किती आणि कोणते घातले? शिवाय किती धावल्यावर बदलणार?

मांडवीकाठ

साधारण साडेआठ लिटर लागते. मी 5डब्ल्यू-40 सिंथेटिक घातले. पहिले तेल मात्र लवकर काढणार आहे, कारण काम करताना आत गेलेली धूळ आणि बारीक कण त्यात असतात. त्या वेळी फिल्टर पुन्हा कापून पाहीन आणि इथेच कळवीन. त्यानंतर किलोमीटर कितीही असोत, वर्षातून एकदा, पाऊस संपला की लगेच. जुने तेल परसात किंवा गटारात ओतू नये. पेट्रोल पंपावर किंवा गॅरेजवर गोळा करणारे असतात, त्यांच्याकडे डबा द्यावा.

सत्तरीचा_पाहुणा

मेहुण्यांना निश्चिंत राहण्यास सांगितले. ते आता 986 विकत घेण्याचा विचार करत आहेत.

मांडवीकाठ

घेण्यापूर्वी फिल्टर कापून दाखवायला सांगा. विकणारा नाही म्हणाला तर पुढचे बोलणे तिथेच थांबवावे.

तिसवाडी

माझ्या मित्राच्या 2003 च्या बॉक्स्टरला क्लच घालायचा आहे. कॅम अडकवण्याचे साधन आठवडाभरासाठी मिळू शकेल का? जबाबदारी माझी.

मांडवीकाठ

अवश्य, पण आधी साखळ्या तीन की पाच ते पाहून मला कळवा. माझे साधन फक्त तीनवाल्यांना बसते. पर्वरीला येऊन घेऊन जा, येताना क्रँकच्या पिनसाठी लेथवाल्यांकडून एक जादा पिन करून आणलीत तर बरे होईल, माझी थोडी वाकली आहे.

लेथवाला_म्हापसा

शुक्रवार सोडून कधीही या. शुक्रवारी बाजारामुळे दुकानासमोर गाडी लावायला जागा नसते.